माफीचे दोन टेक

बेल वाजते, मी दार उघडते, आणि समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारतो, "सर नाहीत का?" सर, म्हणजे माझे मिस्टर, आहेत. आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेत. वकिली सोडल्यापासून त्यांना टीव्हीचा आवाज कमी करायचा झाला तरी मला हाक मारावी लागते. स्टुडिओ माझा आहे, माइक माझे आहेत आणि कानही माझेच आहेत, हे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यात माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच सकाळी गेल्या. आता मी फक्त "या" म्हणते आणि हेडफोन डोक्याला लावते. मग ते गप्प होतात.

स्टुडिओ नवनगरात आहे. हुबळीच्या माणसाला तो धारवाडात वाटतो, धारवाडच्या माणसाला हुबळीत, आणि दोघांनाही लांब वाटतो. खालच्या मजल्यावरची एक खोली, मधे काच घालून दोन भाग केलेली. भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्यात आणि त्यावर माझ्या जुन्या साड्यांचे पडदे. ध्वनिमुद्रण चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून गायक घामानं निथळत असतात आणि सूर लागला नाही की त्याचा दोष उकाड्याला देतात. लोकांना वाटतं, आमचं काम आवाज पकडायचं. खरं तर आमचं निम्मं काम नको तो आवाज बाहेर ठेवायचं. वरच्यांचा कुकर, शेजारचा कुत्रा, दुपारची मालगाडी, आणि गायकाच्या मनगटातलं कडं. ते कडं काढायला लावलं की काही गायक असे रुसतात की त्यांची समजूत काढण्यात चहाचे दोन कप जातात.

गिऱ्हाइकं मात्र मला एकेक नमुनेदार मिळाली. धारवाडचे एक म्हातारे वकील आले होते. फाटकावर वाजवायला त्यांना एक वाक्य हवं होतं : "साहेब झोपलेत, चारनंतर या." कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत. मी ते त्यांच्याच आवाजात करून दिलं. पुढं ते वारले, आणि समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला फाटकावर साहेब स्वतःच सांगत राहिले की मी झोपलोय. घरच्यांना ते यंत्र बंद कसं करायचं ठाऊक नव्हतं. शेवटी मीच जाऊन त्याची वायर काढली.

यल्लम्माची गाणी म्हणणारी एक मंडळी वर्षानुवर्षं माझ्याकडे येत होती. त्यांची रीत अशी की एकच चाल, एकच चौंडकं, एकच बाई; सकाळी ती कन्नडात म्हणायची आणि चहा घेऊन झाला की तीच गाणी मराठीत. देवीला दोन्हीकडची माणसं येतात, तेव्हा कॅसेटही दोन्हीकडची हवी. बाईला मी एकदा विचारलं, "तुमची स्वतःची भाषा कुठली हो?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला तिचा डावा पाय कुठला नि उजवा कुठला ते विचारलंय. "पोट भरल्यावर कन्नड, रागावल्यावर मराठी," ती म्हणाली. आमच्याकडे हे असंच असतं. माझ्या सासूबाई देवाशी मराठीत बोलत आणि भाजीवालीशी कन्नडात, आणि भाव दोघांशीही सारखाच करत.

हे सगळं सांगितलं, कारण पुढचं सांगताना माझा तोल जातो. आधी थोडं हसून घेतलेलं बरं.

बसवराज आणि रेणुका माझ्याकडे आले ते एक रॅप गाणं करायला. बसू हुबळीतल्या उणकलचा. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, घरी कन्नड. रेणुका धारवाड जिल्ह्यातल्याच अळणावरकडच्या एका खेड्यातली, घरी मराठी. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे, आणि ही धारवाडला सप्तापुरात तीन मुलींबरोबर खोली घेऊन एम.ए. करत होती. कॉलेजच्या कुठल्याशा स्पर्धेत दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहिले होते. बसू हरला आणि दुसऱ्या दिवशी तिला शोधत गेला, "आपण दोघं मिळून करूया की" म्हणून. त्या वेळी मला तो मुलगा फार आवडला होता.

मला रॅपमधलं काही कळत नव्हतं. मी रेणुकाला विचारलं, "इतकं भरभर बोलायला कुठं शिकलीस?"

"नळावर," ती म्हणाली. "आमच्या गावात पाणी अर्धा तास येतंय, अक्का. तेवढ्यात भांडण पण उरकायचं असतंय. आमची आत्ती एका दमात समोरच्या बाईच्या सासरचं, माहेरचं सगळं काढून घागर भरून पुढं जाती. मी तिच्या मागं उभी राहून शिकलो." आमच्याकडच्या खेड्यांतल्या मुली "शिकलो"च म्हणतात.

गाण्याची कल्पना सोपी होती. हुबळी आणि धारवाड, ही जुळी भावंडं, एकमेकांची उणीदुणी काढतात. बसू हुबळीच्या बाजूनं धारवाडला चिडवणार, कन्नडात. रेणुका धारवाडच्या बाजूनं हुबळीला चिडवणार, मराठीत. यात भाषेचं भांडण कुठंच नव्हतं. होतं ते दोन गावांचं, तेही लाडिक. आणि त्यात त्यांनी एक खुबी केली होती. चिडवायचं कुणी, हे ठरलं होतं. लिहायचं कुणी, हे त्यांनी उलटं केलं. हुबळीवरच्या ओळी बसूनं लिहिल्या आणि धारवाडवरच्या रेणुकानं. "घरचं उणं घरच्यालाच नीट माहिती असतंय," बसू म्हणाला. त्यानं आपल्या ओळी कन्नडात लिहून तिला दिल्या आणि तिनं त्या मराठीत आणल्या. धारवाडचा माणूस पेन्शन घेऊनच जन्माला येतो आणि चार थेंब पडले की सुट्टी समजून झोपतो, हे रेणुकानं लिहिलेलं. ते बसूनं म्हटलं तेव्हा माझे धारवाडी मिस्टर आतल्या खोलीतून "खरं आहे" म्हणाले.

आणि हुबळीवरची ती ओळ, जिच्यामुळं पुढं सगळं झालं, ती बसूची. "माझ्या अप्पांवरच लिहिलीय," तो हसत म्हणाला होता. रेणुकाच्या तोंडी ती अशी आली :

*रस्त्यात खड्डे नाहीत रे, खड्ड्यांत रस्ता मस्त,*
*धूळ तेवढी फुकट इथं, बाकी काय नाही स्वस्त,*
*हुबळीचा माणूस पुसतो आधी भाव,*
*सौदा जमला तरच मग विचारतो नाव!*

आता थोडं धंद्याचं. हल्ली दोन माणसांचं गाणं करायचं तर दोघांना दोन माइक, दोन खोल्या, कधीकधी दोन गावं. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवतात. मग कुणाचा आवाज चढवा, कुणाचा उतरवा, नको असेल तर अख्खा माणूस काढून टाका, मागं डागसुद्धा राहत नाही. मी आधी तसंच केलं. पण दोघं वेगवेगळे उभे राहून बोलले ते लग्नपत्रिका वाचल्यासारखं झालं. मग मी दुसरा माइक बंद केला, दोघांना एकाच माइकच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं केलं, आणि म्हटलं, "आता भांडा." भजनी मंडळींना मी असंच उभं करत आले. समोर माणूस दिसला की आवाजाला धार येते.

गाणं एकदम उभं राहिलं. रेणुका "भाव" म्हणाली आणि बसूला आपल्या वडिलांची आठवण होऊन हसू फुटलं. ते हसू तिच्या ओळीखाली माइकमध्ये गेलं. अशा मुद्रणात एकाचा आवाज दुसऱ्यापासून सोडवता येत नाही. कालवलेला भात आणि आमटी वेगळी करता येत नाही, तसंच ते. मला सोडवायचंही नव्हतं. इतक्या वर्षांत मी मुद्रित केलेल्या सगळ्या आवाजांत ते हसू मला फार मोलाचं वाटलं होतं, आजही वाटतं.

गाणं बसूच्या चॅनलवर लागलं आणि सुरुवातीचे दिवस झकास गेले. सप्तापूरच्या खाणावळीत पोरं ताटं वाजवून म्हणायची. उणकलच्या एका लग्नात वरातीत वाजलं. रिक्षावाले मागच्या सीटवरच्या गिऱ्हाइकाला विचारायचे, "आधी भाव की आधी नाव?" बसूचे वडील, हार्डवेअरवाले अप्पा, दुकानात ते गाणं लावून ठेवायचे, असं बसूनंच मला सांगितलं. रेणुकाला कॉलेजच्या समारंभाचं बोलावणं आलं आणि शहराच्या उत्सवात दोघांना स्टेजवर घ्यायचं ठरलं. तिनं गावाकडे फोन केला तो माझ्यासमोरच. "आई, माझं नाव पोस्टरवर येणाराय," ती म्हणाली. पोस्टरवर नाव म्हणजे त्या घरात काय असेल, ते तुम्हीच समजा.

मग कुणीतरी कात्री चालवली. अख्ख्या गाण्यातून रेणुकाच्या तेवढ्या दोन ओळी कापल्या, "हुबळीचा माणूस पुसतो आधी भाव" पासूनच्या, खाली ते हसू, आणि वर लिहिलं की इथलं खाऊन इथल्यांनाच शिव्या देणारी बाहेरची पोरगी बघा. बाहेरची! अळणावरकडची पोर बाहेरची. आधीचा बसू नाही, नंतरचं उत्तर नाही, मागचं पुढचं काही नाही. दोन गावांची थट्टा होती, तिची दोन भाषांची मारामारी झाली. दुसऱ्या बाजूचे हुशार लोक तरी कसे मागं राहतील? त्यांनी बसूच्या धारवाडवरच्या ओळी कापल्या आणि कन्नड पोरगा मराठी पोरीला तोंडावर हिणवतोय म्हणून फिरवल्या. एक बाजू तिला शिव्या घालत होती आणि दुसरी तिच्या नावानं त्याला. अख्खं गाणं ऐकायला दोघांनाही वेळ नव्हता.

एका संघटनेचे अध्यक्ष चारपाच माणसं घेऊन माझ्याकडे आले. अगदी सभ्यपणे. चपला दाराबाहेर काढल्या, पाणी मागितलं.

"अक्का, ते गाणं इथंच झालं ना?" त्यांनी कन्नडात विचारलं.

"होय, इथंच झालं."

"तिच्या मागं कोण हसतंय? तिचेच लोक असणार."

"तो बसू हसतोय. तुमच्या उणकलचा."

"तो कशाला हसेल?"

"ओळ त्याचीच आहे म्हणून. त्यानं लिहिलीय, आपल्या वडिलांवर. मी इथंच बसले होते."

अध्यक्षांनी माझ्याकडे फार समजूतदारपणे बघितलं. "अक्का, तुमची घरची भाषा मराठी. तुम्ही असंच म्हणणार." आणि उठताना म्हणाले, "आम्हाला भांडण वाढवायचं नाही. दोघांनी माफीचा व्हिडिओ टाकावा, विषय संपला."

माझ्या सासऱ्यांच्या आज्यापासून आम्ही याच मातीत आहोत. माझ्या आयुष्यात मी कन्नड गाणी मराठीच्या दसपट मुद्रित केली. त्या एका वाक्यासरशी मला त्यांनी दाराबाहेर, त्यांच्या चपलांशेजारी नेऊन ठेवलं. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

हल्ली माफी मागायचीही एक पद्धत पडली आहे. साधे कपडे, मागं कोरी भिंत, हात जोडलेले, आवाज पडलेला. आवाज स्वच्छ यायला हवा, नाहीतर लोक म्हणतात मनापासून मागितली नाही. म्हणून ते दोघं माफी मागायला माझ्याच स्टुडिओत आले. बसूबरोबर त्याचे काका होते. रेणुका एकटी, बसनं आली. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ज्या माइकसमोर भांडले होते त्याच माइकसमोर एकामागून एक उभे राहिले.

बसूनं कागदावरून वाचायला सुरुवात केली. कुणाचं मन दुखावलं असेल तर मी हात जोडतो वगैरे झालं. मग तो कन्नडात म्हणाला, "हुबळीबद्दलच्या त्या ओळी मी म्हटलेल्या नाहीत."

मी मुद्रण थांबवलं. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या मजकुरात तोंड घालायचं नसतं. त्या दिवशी घातलं.

"बसू, तू म्हटल्या नाहीस. लिहिल्या कुणी?"

काका भिंतीकडे बघायला लागले. बसूनं हेडफोन काढून हातात धरले. "बिडरी अक्का," तो म्हणाला, म्हणजे सोडा हो. "अप्पांना दुकान चालवायचंय. काल शटरवर दगड आले."

"अरे, पण तू हुबळीचा. तू तुझ्याच गावाची थट्टा केलीस म्हणालास तर कोण काय करणार तुला? तिचं बघ. तिला गावाचं नाव काढून शिव्या घालतायत."

त्यानं हेडफोन परत कानाला लावले. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण समोर बसून ती फाशी आवाजाची पातळी बघत मुद्रित करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. त्या मुलाला चोर म्हणताना माझी जीभ अडखळते हेही खरं. तो घाबरला होता. दगड खरे होते. पण तो एक वाक्य बोलला असता तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि ते वाक्य फक्त त्यालाच बोलता येत होतं. मी बोलले तर मी मराठी, ती बोलली तर ती मराठी.

रेणुका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "अक्का, चालू करा. त्याला बस पकडायची असेल."

त्याचं झालं. काका मला नमस्कार करून त्याला घेऊन गेले. मग ती उभी राहिली. तिनं कन्नडात माफी मागितली. काय सुंदर कन्नड! धारवाडचे प्राध्यापकही इतकं नितळ बोलत नाहीत. मी हुबळीची, हुबळीच्या अन्नाची, हुबळीच्या लोकांची क्षमा मागते, असं ती म्हणाली. कुणाच्या ओळी, कुणी लिहिल्या, एक अक्षर नाही.

मी म्हटलं, "झालं बाळ. ये बाहेर."

"नाही अक्का, आणि एक टेक घ्या. 'क्षमे'वर श्वास लागला."

माझ्या हाताखाली शिकलेली होती ना! तिनं परत पहिल्यापासून म्हटलं. श्वास कुठं लागला नाही. मी यंत्र बंद करायला हात पुढं केला तशी ती म्हणाली, "आता मराठीतली पण घेऊन ठेवा, अक्का."

"मराठीतली कशाला? मराठीवाल्यांनी कुठं माफी मागायला सांगितलंय?"

"कन्नडात माफी मागितली म्हणून उद्या सांगतील की. लागेलच. परत यायला नको."

आणि लागली. कन्नड माफी बाहेर पडली आणि तासाभरात दुसऱ्या बाजूनं तिनं मायबोलीची लाज घालवल्याचा गिल्ला सुरू झाला. तिच्या वडिलांना नातेवाइकांचे फोन गेले. तिनं तयार असलेली दुसरी माफी सोडली. त्यानंतर दोन्ही बाजू शांत झाल्या. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं असावं.

गाण्याला मिळाले नव्हते तितके ऐकणारे त्या माफीला मिळाले. पोस्टर निघालं, त्यावर तिचं नाव नव्हतं. बसूचंही नव्हतं, ते मात्र त्यानं स्वतःच काढायला सांगितलं. त्यानं गाणंही चॅनलवरून उतरवलं. आता तो बेंगळुरूला असतो, गातो, बरं चाललंय म्हणतात. सणाला मला फुलांचं चित्र पाठवतो. मी उत्तर देत नाही. सर म्हणतात, "द्यावं गं, लेकरू आहे." सरांना माणसं लवकर माफ करता येतात, कारण त्यांनी ती माफी ऐकली नाही. आतल्या खोलीत पेपर वाचत होते.

रेणुकानं एम.ए. पुरं केलं. सप्तापुरातच एका शिकवणी वर्गात शिकवते. अधूनमधून माझ्याकडे आवाजाची कामं करते, साड्यांचा सेल, डोळे तपासणी शिबिर, दोन्ही भाषांत. रॅपचं मी काढत नाही, तीही काढत नाही.

मध्यंतरी वॉर्डाच्या निवडणुकीची हवा सुरू झाली आणि मला एक फोन आला. आवाज मी लगेच ओळखला, माझा धंदाच तो आहे. तेच अध्यक्ष. उभे राहणार होते.

"अक्का, ती माफीवाली पोरगी तुमच्याकडे येते म्हणे. काय स्वच्छ आवाज हो! आमच्या वॉर्डात मराठी मतं पण आहेत. दोन्ही भाषांत प्रचार तिच्याच आवाजात हवा. भाषेचं राजकारण आपण करत नाही."

मी तोंडावर येईल ते बोलणार होते. पण काम माझं एकटीचं नव्हतं, म्हणून रेणुकाला विचारलं. तिनं क्षणभर विचार केला असेल नसेल. "घेऊया की अक्का. सेलचं काय, ह्यांचं काय."

ती आली, कागद घेतला, माइकसमोर उभी राहिली. सर्वांना सोबत घेऊन जाणारे, अडीअडचणीला धावून येणारे, असं सगळं होतं त्यात. तिनं ते इतकं संथ वाचलं की मला चैन पडेना. अध्यक्षांनी मजकुराखाली लिहून पाठवलं होतं, तरुणांना आवडेल असं जोशात हवं. मीही विसरले आणि हेडफोनमधून म्हणून गेले, "रेणू, थोडं भरभर घे की. तुझ्या पद्धतीनं."

काचेपलीकडून तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. शिकवणीतल्या मुलाला समजावून सांगतात तसं ती म्हणाली, "भरभर नको, अक्का. भरभर बोललं की लोक मधलंच उचलतात."

मग तिनं तो मजकूर दोन्ही भाषांत, एकेक शब्द सुटा करून, कुठूनही कापला तरी काही बिघडणार नाही असा वाचला. अध्यक्षांच्या रिक्षावरून तो अख्खा महिना गल्लोगल्ली वाजला. सगळ्यांना आवडला. एकाचीही तक्रार आली नाही.